तीन धुराडी

अत्यंत गांभीर्याने जाहीर करतो की, नगरच्या आमच्या कॉलेजात विज्ञानाचा पहिला पराभव चुन्याने केला. हसू नका. मी साक्षीदार आहे आणि अजून पुरता सावरलेलो नाही. परवा त्या इमारतीवरून जाताना काळ्या दगडाच्या भिंती, उंच कमानदार खिडक्या आणि गच्चीवर उन्हात उभी असलेली तीन बुटकी धुराडी दिसली, आणि पाय थबकलेच.

चाळीसच्या दशकात ही इमारत उठत होती तेव्हा युद्धामुळे सिमेंट मिळत नव्हतं. आवारात बैल चुन्याची घाणी फिरवीत आणि श्रीगोंद्याकडचे एक म्हातारे गवंडी नुसतं बोट टेकवून दगड नीट बसला की नाही ते सांगत. त्यांनी बांधलेलं छत कधी गळलं नव्हतं. तीच त्यांची पदवी.

आमची मात्र टांगणीला लागलेली. मुंबई विद्यापीठाच्या समितीला प्रयोगशाळा पसंत पडली तरच विज्ञानाचे वर्ग चालणार होते, नाहीतर पुणं गाठणं आलं. वडिलांनी बजावलं होतं, "पुणंबिणं नाही. इथं जमलं तर शीक, नाहीतर दुकानात बस."

समिती आली. रसायनाच्या सरांनी काचेच्या कपाटात सडक्या अंड्यांच्या वासाचा तो सुप्रसिद्ध वायू तयार केला. भिंतीतल्या पोकळीतून वर चढून तो धुराड्यावाटे बाहेर जायचा होता. गेला नाही. सावकाश, ऐटीत, तो आमच्यातच येऊन बसला. मुंबईचे तीन सोवळे विद्वान उपरणी नाकाला लावून निंबाखाली पळाले. सर पांढरेफटक. मला दुकानाची गादी दिसू लागली.

थोड्या वेळाने सगळी वरात गच्चीवर चढली. तिन्ही धुराड्यांची तोंडं चुन्याने बंद होती, वर घोटून आरशासारखी गुळगुळीत केलेली.

"भोकं ऱ्हायली हुती," गवंडीबाबा अभिमानाने म्हणाले. "मीच बुजवली. आता थेंब येनार न्हाई."

समितीचे प्रमुख बराच वेळ डोळे पुसत राहिले. मग म्हणाले, "वायू अस्सल होता. भोकं उघडा आणि वर्ग चालवा."

सर गेले, बाबा गेले; माझ्या पदवीचा कागद पिवळा पडला. छत अजून गळत नाही म्हणतात. पण मला स्वच्छ आठवतो तो छिन्नी उचलता उचलता थांबलेला बाबांचा हात आणि सरांकडे वळलेला तो हादरलेला चेहरा:

"मास्तर, एवढी इमारत ह्या वासापायी बांधून घेतली व्हय?"