नातीचं गाणं आणि माझं खलास

बायांनो, आज बिर्याणी करपली तरी मी खूश! लंडनला जन्मलेल्या माझ्या नातीचं, सनाचं, पहिलं गाणं तिथल्या रेडिओवर लागलं. लिहिलंपण तिनंच. इंग्रजी कळत नाही, तरी रडले.

आमचे हे शेजाऱ्यांना मोबाईलवर ऐकवत सुटले, "गळा आमच्या घराण्यातच आहे!"

अहो, कुणाचा गळा? लग्नातसुद्धा मला गाऊ दिलं नाहीत. कुवेतच्या लढाईत इथे सौदीत, दम्मामला भोंगा वाजायचा, विषारी गॅसच्या भीतीनं दारं-खिडक्यांना टेप लावलेल्या खोलीत पोरं रडायची, तेव्हा म्हणालात, "गा गं कायतरी." लढाई संपली तशी, "खलास. आता पुरे."

सनाला फोनवर विचारलं, "गायला कुणाला विचारलंस गं?"

"विचारायचं कशाला, दादी?"

मला तर गायला लढाई लागली. बायांनो, तुमच्या घरात गायला काय लागतं?