उघाडीचं दार

आमच्या गावची भातशेती भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहे. खाडीचं खारं पाणी मातीच्या बांधानं अडवलेलं, आणि त्या बांधात एक दार. त्याला आम्ही उघाडी म्हणतो. ओहोटीला ती उघडून शेतातलं पावसाचं पाणी सोडायचं आणि भरती चढायच्या आत फळ्या टाकून बंद करायची. खारं पाणी एकदा आत शिरलं की दोन-तीन वर्षं भात विसरा. हे काम आमची एक काकी करायची. नवरा गेल्यापासून एकटीच. तिथीवरून भरतीची वेळ तिला तोंडपाठ होती. तिचं एवढंसं शेत उघाडीला लागूनच होतं, त्यामुळे तिची चूक कधी झाली नाही.

मी तेव्हा नवा उपसरपंच. हुशार होतो आणि हुशारीचा माज होता. मोटारीवर चालणारं, मोबाइलवरून उघडझाप होणारं लोखंडी दार आणायचं माझ्या डोक्यात बसलं. दार आलं की जिल्ह्यात नाव, नाव झालं की सरपंचपद. विकास आमच्याकडे असाच येतो, कुणाला तरी खुर्ची हवी असते म्हणून.

ग्रामसभेत सगळे माना डोलवत होते. मागून काकी उठली.

"बाला, पावसाचे दिसांत लाईट गेली त दार कोन लावंल?"

प्रश्न अगदी बरोबर होता. आणि असा प्रश्न आला की मी चावतो. आमच्यात बांध फुटला की घरटी एक गडी मातीकामाला जातो. काकीच्या घरात गडी उरला नाही म्हणून गावानं तिला माफी दिली होती. गावानं दाखवलेली ती माया मी उचलली आणि तिच्याच तोंडावर मारली.

"काकी, ज्या घरचा गडी बांधावर येत नाही, त्या घरानं बांधाचं बोलू नये."

कायद्यानं तिचं मत माझ्या मताएवढंच होतं, पण लोक हसले. ती खाली बसली आणि मग तिनं हातही वर केला नाही. मी ‘एकमताने मंजूर’ असं लिहून घेतलं.

दार बसलं. साहेब आले, फोटो निघाले, माझ्या गळ्यात हार पडला. शिमग्याला पोरं लाकडं मागायला आली, तेव्हा मी उघाडीच्या जुन्या फळ्या होळीत टाकायला सांगितल्या. काकी लांब उभी राहून बघत होती. मला तेही गमतीचं वाटलं.

श्रावणातल्या अमावस्येला सकाळी ओहोटीत दार उघडलं आणि नऊच्या सुमारास लाईट गेली. दार वरच अडकलं. मी मोबाइल दाबत बसलो. भर दुपारी उधाण आलं. टाकायला फळी नव्हती. कुणी घराचं दार काढून आणलं, ते वाहून गेलं. काकी छातीभर पाण्यात उतरून पेंढ्याचे भारे कोंबत होती. शेवटी दोघांनी तिला ओढून बाहेर काढलं. तिचं शेत सगळ्यात आधी बुडालं, मग बाकीच्यांची. चार दिवसांत भात करपलं.

चौकशी लागली. दोष दाराचा ठरला असता तर मी संपलो असतो. कागदावर मात्र उघाडी सांभाळणारी म्हणून अजून काकीचंच नाव होतं. ते काढायचं मी विसरलो होतो. आता ते उपयोगी पडलं. मी तिच्या नावानं जबाब लिहिला: दार वेळेत बंद करण्यात माझ्याकडून हलगर्जी झाली. मग तो घेऊन तिच्या घरी गेलो.

तिनं कोरा चहा ठेवला. मी म्हणालो, भरपाईचा अर्ज आहे. तिला वाचता येत नव्हतं. तिनं अंगठा दिला आणि पदराला शाई पुसत म्हणाली, "तू हायस म्हनून बरा, बाला. आमचा कोन लिवून देतंय?"

मला लाज वाटली असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला हायसं वाटलं.

सगळ्या गावाला भरपाई मिळाली. यादीत तिचं नाव नव्हतं. असं कसं झालं, हे विचारायला ती सरळ माझ्याकडेच आली. मी तेव्हा सरपंच झालो होतो. तिला बसायला खुर्ची दिली आणि म्हणालो, "बघतो हं, काकी."