चुरा आमच्या वाट्याचा

दिग्रसजवळच्या तांड्यातल्या भुरीबाई राठोडच्या हातची तुरीची डाळ कोणी एकदा खाल्ली, की त्याला दुकानातली पॉलिशची डाळ फिकी लागते. हे कौतुक नव्हे. कौतुक पुढंच आहे. तुरीला तेलाचा हात लावायचा, मुरू द्यायची, उन्हात कडक वाळवायची आणि मग जात्यावर भरडायची, ही तिची रीत. तिच्या बचत गटातल्या बारा बायकांनी ती उचलली, पण मागणी वाढली तशी जाती पुरेनात. इकडे दिग्रसला राजकुमारशेटची डाळमिल हंगाम सोडला तर कुलूप लावून पडलेली. तूर आमची, हात आमचे, मिल तुमची, नफा अर्धा-अर्धा, असा प्रस्ताव घेऊन ती त्याच्याकडे गेली.

शेट हसला. "बाई, भागीदारीच्या भानगडीत कायले पडता? रोजीनं या ना. बाराही जणींले वर्षभर काम देतो."

दुसरी एखादी हरखली असती. भुरीबाईच्या कपाळाला आठी पडली. सोळाव्या वर्षापासून ती दुसऱ्याच्या शेतावर राबली होती. आता आपल्याच रीतीची डाळ रोजंदारीण होऊन करायची नाही, असा तिनं हट्ट धरला. आणि हट्टी तर ती एवढी, की तांड्यातल्या म्हशीही तिला वाट देत.

दुसऱ्यांदा ती मुलीला, पायलला, घेऊन गेली. बारावी झालेल्या पायलनं कॉम्प्युटरवर रंगीत कागद काढले होते. पानोपानी नफाच नफा. शेटनं ते चाळले आणि एकच विचारलं, "आन् मिलमंदी डाळीचा चुरा झाला तं?"

चुऱ्याचा हिशेब एकाही पानावर नव्हता. मायलेकींनी कागद गुंडाळले आणि परतीची एसटी धरली.

तांड्यातले सर्वांत म्हातारे रूपसिंगकाका सगळं ऐकून उखडलेच. "नुसता नफा दाखवून कोनी भागीदार होते का वं? आपले जुने लोक बैलावर दुसऱ्याचं धान्य लादून नेत. नदीत बैल बसला, गोनी भिजली, तं ते नुकसान बैलवाल्याचं. म्हनून तं अनोळखी सावकारबी त्यायच्या हवाली माल करे. तू शेटले गोड घास दाखवला. कडू कोन गिळन, हे काहून नाई सांगितलं?"

भुरीबाईला स्वतःचाच राग आला. बंजाऱ्याची लेक, आणि हीच गोष्ट विसरावी!

तिसऱ्यांदा ती एकटी गेली, हातात कागद नाही. "शेटजी, तूर कच्ची वाळली का चुरा पडते. वाळवनं आमचं, तं दोषबी आमचा. चुरा सगळा आमच्या वाट्याचा, म्हशी खातीन. अख्ख्या डाळीत तेवढे अर्धे-अर्धे."

शेटनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. नफ्यात वाटा मागणारे त्याला पैशाला पासरी भेटले होते. नुकसान आधी उचलणारी ही पहिलीच.

"याच्यात काही लबाडी तं नाई ना?"

"हाये ना. आता चुरा पडूच देनार नाई आमी."

शेट खळखळून हसला आणि त्यानं मिलची किल्ली गल्ल्यातून काढून टेबलावर ठेवली.

आठवड्यानं करार लिहायला दोघं अर्जनविसाकडे बसले. नाव, वय, गाव झालं. व्यवसायापाशी येताच त्यानं भुरीबाईच्या घट्टे पडलेल्या हातांकडे पाहिलं आणि न विचारताच 'मजुरी' लिहायला घेतलं. रेशनकार्डापासून पायलच्या शाळेच्या अर्जापर्यंत तेच लिहिलेलं होतं, आणि तिनं कधी हूं की चूं केलं नव्हतं.

आज तिनं कागदावर तळहात ठेवला. "थांबा भाऊ. डाळमिलची भागीदार लिव्हा."

अर्जनविसानं शेटकडे पाहिलं.

"माह्याकडं काय पाह्यता?" शेट म्हणाला. "भागीदारीनबाई सांगून राह्यल्या तसं लिव्हा."

त्यानं अर्धं लिहिलेलं खोडलं. भुरीबाईनं ती खोडलेली अक्षरं डोळे भरून पाहिली आणि मग खाली सही केली, पूर्ण नावानिशी.