हाफ की फुल

...अंगण झाडून झालं होतं, म्हशीची धार काढून झाली होती आणि मी चुलीपुढे ज्वारीचं पीठ मळत होते. तेवढ्यात ओढ्याच्या वळणावर ट्रॅक्टर खोकला. मी पहिली भाकरी तव्यावर टाकली. हे हातपाय धुऊन आत आले तेव्हा ती टम्म फुगली होती.

अशा सकाळी किती झाल्या असतील. हीच का लक्षात राहिली, माहीत नाही...

आमच्या ट्रॅक्टरचा एक ठोका कायम उशिरा पडायचा. हे गेल्यावर धाकटे दीर ट्रॅक्टर चालवू लागले, पण आवाज तोच राहिला. वळणावर तो आला की माझा हात आपोआप तव्याकडे जायचा. आणि एक क्षण, फक्त एकच क्षण, कोण येतंय याचा विचार मी करायची नाही.

या उन्हाळ्यात इंजिन निळा धूर सोडायला लागलं. वळसंगच्या गॅरेजवर मेकॅनिकने हेड खोललं आणि म्हणाला, "वहिनी, हाफ करायचं का फुल? आत्ताच सांगा."

हाफ म्हणजे इंजिनची अर्धी दुरुस्ती, रिंगा-बेअरिंग बदलायची, व्हॉल्व्ह घासायचे. फुल म्हणजे लायनर-पिस्टनसकट आतलं सगळं नवं. एवढं मी आधी वाचून गेले होते.

"हाफनं एक हंगाम निघंल," दीर मला म्हणाले. "फुडं भर पेरणीत बसला म्हंजी ढकलायला तुमी येणार काय?"

मेकॅनिक ह्यांना दादा म्हणायचा. तो हसला. "दादांनी दोनदा हाफवरच भागवलं की. फुल केलं तर त्यो ठोका बी जाईल बगा. शिलाई मशीनवानी चालंल."

ठोका जाईल, हे मी ऐकलं होतं. मान पण डोलावली होती...

"सांभाळायला दादा न्हाईत, म्हणूनच फुल करा," मी म्हणाले. त्या वेळी मला स्वतःचं कौतुक वाटलं. बाई असून पक्का निर्णय घेतला, असं काहीतरी.

परवा ट्रॅक्टर घरी आला. मी चुलीपाशीच होते. दारात सावली पडली तेव्हा दचकून वर बघितलं.

"वहिनी, कवाचा आलोय की. तवा गार का तुमचा आज?" दीर हसत होते. "आवाज कसा वाटला?"

मी म्हणाले, चांगला आहे. खरंच चांगला आहे... वळणावरून येतो तेव्हा आमच्या घरापर्यंत पोचतही नाही.

निर्णय चुकला, असं आजही म्हणणार नाही. दिरांचं पोट त्या ट्रॅक्टरवर आहे, पेरणी कुणासाठी थांबत नाही. पण माझ्या फोनमध्ये हळदी-कुंकवाचे, बारशाचे कितीतरी व्हिडिओ आहेत. तो जुना आवाज एकदाही घेतला नाही. रोज येतो, त्याचं काय रेकॉर्डिंग करायचं, असंच वाटत राहिलं...

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकचा फोन आला. जुने लायनर-पिस्टन गॅरेजवरच पडलेत, पाठवून देऊ का म्हणाला. मी त्याला काम चांगलं झालं म्हणून सांगितलं, आणि ते भंगारात घाला म्हणाले.