ताज्या तंबाखूवर झोपणारी बाई

पुस्तक उशीएवढं जाड होतं. मुखपृष्ठावर पांढऱ्या झग्यातली पाठमोरी बाई आणि तिच्यापुढे तंबाखूचं शेत. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका जमीनदार घराण्याच्या चार पिढ्यांची कहाणी. कॅनडातल्या वॉटर्लूच्या आमच्या मराठी मंडळातल्या एका ताईंनी ते माझ्या किचन काउंटरवर ठेवलं आणि म्हणाल्या, "मी याचं मराठी करतेय. पहिलं प्रकरण दिवाळी अंकात. तू निपाणीची, तंबाखूचे शब्द तू द्यायचेस."

"आधी वाचते."

"वाच ना. इतकं सुंदर आहे, रडशील."

रडले नाही, शिसारी आली. पहिल्याच प्रकरणात नायिका नुकत्याच तोडलेल्या पानांच्या ढिगावर झोपून जाते. पानांना म्हणे मधाचा वास येतो. माझ्या वडिलांची तंबाखू बिडीची होती, ती जात वेगळी, पण ओल्या पानाचा चीक सगळीकडे सारखाच. फुटवे काढताना तो बोटांना धरतो, काळा पडतो, मग भाकरी कडू, पाणीही कडू. नवीन बाई कामाला आली की दुपारच्या आत बांधावर ओकत बसायची. "तंबाखू लागली तिला," एवढंच बाकीच्या म्हणायच्या आणि थोड्या वेळाने ती पुन्हा ओळीत उभी असायची.

या पुस्तकात शेतावर गुलाम आहेत. ते गाणी म्हणतात आणि मालक मेल्यावर रडतात. एवढ्या पिढ्यांत एकालाही ओकारी येत नाही. थोरल्या मुलीच्या प्रेमभंगाला मात्र पानंच्या पानं दिली आहेत. शेवटचा भाग मी उभ्याने, पोळ्या करता करता वाचला. त्यापेक्षा जास्त मान त्याला देववेना.

फोन केला. "ताई, हे नका करू. भिकार आहे."

त्या म्हणाल्या, "मग विंटरभर करू काय? भिंती बघू?"

त्या रिटायर झाल्या त्यानंतरचा पहिला हिवाळा मी पाहिला होता. दुपारी डबा द्यायला गेले तरी अंगात नाइटीच असायची आणि सिंकमध्ये आदल्या दिवसाचे कप. त्यामुळे नुसतं 'नको' म्हणून भागणार नव्हतं. पण असलं गोड खोटं मराठीत आणायला मी मदत करावी, हेही जमणार नव्हतं. म्हटलं, आधी चला, तंबाखू दाखवते.

आमच्याकडून खाली लेक ईरी या सरोवराच्या बाजूला गेलं की अजून थोडी तंबाखूची शेतं आहेत. ऑगस्टमध्ये गेलो. रस्त्याकडेला मका आणि टोमॅटो विकणाऱ्या शेतकरीण बाईला विचारलं, तिने खुशाल आत जा म्हणून सांगितलं.

ताई पानांत शिरल्या. "अगं, फोटो काढ ना! अशी मागे वळून बघू का?"

"बघा. आणि बघता बघता ते फुटवे मोडा."

त्यांनी हौसेने मोडले. एक पान गालालाही लावलं. मग गाडीपाशी येऊन डबा उघडला, ठेपल्याचा घास घेतला आणि तिथेच थुंकल्या.

"शी! हे काय? तेल खवट आहे का गं तुझं?"

"तेल ताजं आहे. हात बघा."

बोटं तपकिरी, चिकट, एकमेकांना लागलेली. गालावरही एक पट्टा. टिश्यूने पुसायला गेल्या तर टिश्यूच चिकटला. ते बघून शेतकरीण हसत आली आणि अर्धा कापलेला हिरवा टोमॅटो त्यांच्या हातात दिला. चोळ म्हणाली, यानेच चीक सुटतो. ताई चोळत राहिल्या, हिरवट घाण पाणी कोपरापर्यंत ओघळलं. परतताना सगळा रस्ता त्यांनी हात मांडीपासून लांब धरले होते.

"कळलं," त्या उतरताना म्हणाल्या. मला वाटलं, विषय संपला.

दिवाळी अंकाची पीडीएफ आली. पहिलं प्रकरण होतंच. खाली आभार, 'तंबाखूविषयक सल्ल्याबद्दल', आणि पुढे माझं नाव. नायिका पानांवर झोपलेली होतीच. फक्त एक वाक्य नवीन होतं, मूळ पुस्तकात नसलेलं: जाग आल्यावर तिने गुलाबपाण्याने हात धुतले.

मी लगेच फोन लावला.

"वाचलंस?" ताई खूश. "तू दाखवलंस म्हणून मुद्दाम हात धुवायला लावले तिला."

"गुलाबपाण्याने?"

"मग काय हिरव्या टोमॅटोने? तिला शोभेल का ते?"

"आणि ती ओकत का नाही?"

"दिवाळी अंकात ओकारी? काहीतरीच तुझं! बरं ऐक, दुसरं प्रकरण अर्धं झालंय. रोज सकाळी आंघोळ करून टायपायला बसते. पान वाळवतात त्या खोलीला काय म्हणू?"

मी डोळे मिटले. पाठीमागे त्यांच्या कुकरची शिट्टी ऐकू आली.

"भट्टी म्हणा," मी म्हटलं. "आणि आभारातून माझं नाव काढा."