डब्ब्याच्या टाकीले सांडवा

हसायचं असेल तं आताच हसून घ्या बाप्पा. मग चहा तोंडात असताना हसाल, ठसका लागेल, अन् त्याचंही खापर माझ्याच डोक्यावर फुटेल. आमच्या गावात आजकाल कोणाची मोरी तुंबली तरी लोक आधी माझ्याकडेच पाहतात!

मी आत्माराम, जातीनं कोहळी. आपल्या या भागात जिकडे जाल तिकडे जुने तलाव दिसतात ना, ते बांधणारे लोक आम्ही. माझ्या खापरपणज्याच्या नावाचा तलाव आहे गावात. अर्ध्या गावाचं धान अजूनही त्याच्यावर पिकते. अन् मी? मी पाटकरी. उभा जन्म सरकारी कालव्याचे दरवाजे उघडण्या-लावण्यात गेला. माझ्या नावाचा तलाव तं सोडाच, एक बोडी नाही. बोडी म्हणजे लहानसा तलाव, चार म्हशी बसतील एवढा. हे दुःख मी बायकोले इतक्या वेळा सांगितलं, की एक दिवस ती भाकर थापता थापता म्हणाली, "अजी, मरा तं खरं. मी बांधते तुमच्या नावाची बोडी."

अशी आमची कमला. हिच्याशी संसार केला मी!

आमची एकच पोरगी, मंजू. पुण्यात चांगली नोकरी होती, सोडून आली. म्हणे, नागझिऱ्याचं जंगल पाहायले एवढे लोक येतात, आपलं वावर रस्त्यावर आहे, त्यांच्या राहण्याची सोय आपण करू. अन् मग फुलचूरच्या एका वेल्डरकडून तिनं चाकावरची खोलीच बनवून आणली. ट्रॅक्टरच्या मागे जोडा, न्या पाहिजे तिथं. आत पलंग, लहानशी मोरी, संडास, खिडकीले पडदे. ती म्हणे ट्रेलर. गाव म्हणे डब्बा.

नागपूरच्या एक मॅडम होत्या, जंगल फिरायले लोकं आणणाऱ्या. त्याईले डब्बा पसंत पडला तं पूर्ण सीझन पाहुणे पाठवणार होत्या. मंजूनं मले स्पष्ट सांगितलं, "बाबा, हे जमलं तं मी इथंच राहीन. नाही जमलं तं पुण्याले वापस जाईन. तेव्हा मले अडवू नका."

आता तुम्हीच सांगा, एकुलत्या एक पोरीच्या बापानं यावर काय करावं? मदत करावी. मी केली ना मदत! तिथंच तं सारी माती झाली.

डब्ब्यातल्या संडासाच्या खाली एक टाकी असते. जे व्हायचं ते त्या टाकीत. बाजारात तिच्यात टाकायचं निळं औषध भेटते. वास मारते, पण मातीतले जीवजंतूही मारते. मंजू म्हणे, जंगलाच्या तोंडाशी राहून असलं जहर आपण जमिनीत ओतायचं नाही. म्हणून तिनं देशी इलाज काढला. शेण, गूळ, बेसन, ताक अन् वडाखालची मूठभर माती ड्रमात आंबवायची, अन् ते टाकीत सोडायचं. त्यातले जंतू मैला खातात, वास राहत नाही. टाकी भरली की डब्बा खड्ड्यावर न्यायचा, टाकी खाली करायची, वरून धानाचा कोंडा टाकून झाकून ठेवायचं. वर्षभरानं खत. तेही झाडाले, भाजीले नाही.

पोरगी हुशार आहे हो. मायवर गेली.

तिची अट एकच होती. "बाबा, टाकीत पाणी भरपूर राहिलं पाहिजे. अन् खालचा वॉल बंद. पुरी भरेपर्यंत बंद! जंतू पाण्यातच काम करतात."

वॉल बंद? मले? पाटकऱ्याले?

"अवं बाई, तलावाले बी सांडवा असते. पाण्याले वाट देल्ली नाही, तं ते पाळ फोडते. आपले बुजुर्ग मूर्ख होते का?"

"बाबा, हा तलाव नाही."

"पाणी तं पाणीच होय ना?"

"यात नुसतं पाणी नाही बाबा!"

मी चूप बसलो. म्हणजे तोंडानं चूप बसलो. ती गोंदियाले गेली तसा डब्ब्याखाली घुसलो, वॉल बोटभर उघडला, त्याले पाईप लावला, अन् पाईप मागच्या केळीच्या आळ्यात सोडला. वरून पालापाचोळा टाकला. झाला सांडवा! पाईपातून झुळझुळ सुरू झाली तसं मले कसं बरं वाटलं म्हणून सांगू. वाटलं, खापरपणजा वरून पाहून राहिला असंल.

तितक्यात आली मंडई. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, रात्री दंडारीचं नाटक, अन् घरोघर पाहुण्याईची गर्दी. माझा साळा दयाराम दवनीवाड्याहून अख्खा कुटुंबकबिला घेऊन आला. या लोकाईले मंडई पाहायची नव्हती. याईले डब्बा पाहायचा होता!

"भाऊजी, याच्यात बसता येते म्हणता?"

"अरे, बसून तं पहा."

बसले ना बाप्पा! म्हातारे बसले, पोरं बसले, शेजारच्या बाया बसल्या. गरज असो नसो, आत गेल्याशिवाय कोणी हालेना. मंडईत आकाशपाळण्याले नव्हती तेवढी लाईन आमच्या संडासाले होती.

अन् इतके लोक जाऊनही टाकीतल्या पाण्याचा काटा काही वर चढेना. मंजू रोज वाकून पाहे. "बाबा, टाकी भरून काऊन नाही राहिली?"

मी म्हटलं, "तुया औषधाचा गुण."

अहो, पोरगी नाचलीच! "जंतू सारं खाऊन राहिले बाबा!" तिनं व्हिडिओ काढला, मॅडमले पाठवला, "अर्धं गाव वापरून राहिलं, तरी टाकी भरत नाही" म्हणून. मॅडमचा फोन आला, मी स्वतः येऊन पाहते. खरं तं मी तेव्हाच बोलायले पाहिजे होतं. पण पुण्याहून आल्यापासून पोरीले असं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं होतं. अन् खोटं कायले बोलू, मनात म्हणत होतो की काम माझा सांडवा करून राहिला, पण नाव होऊ दे तिच्या जंतूईचं. केवढं माझं मोठं मन!

कमला एक दिवस म्हणाली, "अजी, डब्ब्यातून वास येऊन राहिला."

"तुया नाकात असंल," मी म्हटलं. अन् हळूच ड्रमातलं एक बकेट जास्तीचं टाकून आलो.

मॅडम आल्या. पांढरे बूट, गळ्यात दुर्बीण. पडदे पाहिले, पलंग पाहिला, कमलाच्या हातचे अनरसे खाल्ले. सारं पसंत! मंजू माझ्याकडे पाहून डोळ्यानंच हसली. मग मॅडम म्हणाल्या, "आता फक्त टाकी रिकामी करून दाखवा. बाकी ठिकाणी लोक इथंच फेल होतात."

आदल्या दिवशी मी वॉलचा पाईप सोडवून वॉल गुपचूप बंद करून ठेवला होता. मी काही अडाणी नव्हतो.

डब्बा ट्रॅक्टरनं खड्ड्यावर नेला. मंजूनं ऐटीत वॉल उघडला.

एक थेंब पडला. बस्स, एक!

मंजूनं वॉल हलवला. टाकीले चापट मारली. आतून भरल्या पोत्यासारखा ठप्प आवाज आला. तिच्या तोंडचा रंगच उडाला. आता तुमच्या ध्यानात आलं असंल. माझ्या सांडव्यातून पाणी तेवढं गेलं होतं. बाकीचं सारं, मंडईतल्या पाहुण्याईसकट, जागच्या जागी बसून गोटा झालं होतं. पाण्याबिगर तिच्या जंतूईनं काय करावं बिचाऱ्याईनं? उपाशी नाही, तहानेनं मेले.

तिथंच हात जोडले असते तरी निभलं असतं. पण पाणी अडलं की पाटकऱ्याच्या अंगात येते. मी म्हटलं, "सरका!"

विहिरीवरच्या मोटरचा मोठा पाईप ओढत आणला, खिडकीतून आत घातला, संडासाच्या भांड्यात कोंबला, अन् पाणी वापस येऊ नये म्हणून भोवती माझा दुपट्टा ठासून भरला. दयाराम मोटरपाशी उभा होता.

"भाऊजी, किती सोडू?"

"पुरं सोड!"

"बाबा, नका!" मंजू ओरडली. पण कालव्याचा दरवाजा एकदा उचलला की उचलला.

आधी गुडगुड झाली. मग डब्बा जरासा थरथरला. मॅडम दारात उभं राहून व्हिडिओ काढत होत्या, त्याही म्हणाल्या, "हा आवाज कसला?" अन् माझा दुपट्टा उडाला तो थेट छताले जाऊन चिकटला!

पुढचं काय सांगू? पलंग गेला, पडदे गेले, अनरसे गेले. मॅडमचे बूट कोणत्या रंगाचे होते ते मघाशी सांगितलं म्हणून बरं, नंतर ओळखू आले नसते. खालून टाकीचा पट्टा तुटला, टाकी निसटून रस्त्याकडच्या खोलगट बांधीत, म्हणजे धानाच्या बांध घातलेल्या तुकड्यात, आडवी झाली. दयाराम ते पाहून मोटर चालू ठेवूनच पळाला. कमलानं धावत जाऊन बटन दाबेपर्यंत ती बांधी काठोकाठ भरली होती. बुजुर्ग काही खोटं बोलत नव्हते. पाण्याले वाट देल्ली नाही, अन् पाण्यानं पाळ फोडली.

मॅडम एक शब्द वाकडा बोलल्या नाहीत. गाडीच्या सीटवर पन्नी अंथरली, तिच्यावर बसल्या, "पुढं कधी पाहू" म्हणाल्या, अन् गेल्या.

मंजू डब्ब्याच्या जुन्या जागेवर गेली. केळीपाशी वाकली. पालापाचोळा सारला. पाईप उचलायचा तिथंच राहिला होता.

"बाबा, हे काय होय?"

"सांडवा," मी म्हटलं.

वाटलं, आता ओरडंल. ओरडली असती तं बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "तुम्ही मले एक टाकी नाही सांभाळू देल्ली, बाबा."

डब्बा तिनं एकटीनं धुतला. मी बकेट उचलायले गेलो तं माझ्या हातातून काढून घेतली. मग बॅग भरली. मी अडवलं नाही. तसं तिनं आधीच बजावलं होतं ना.

आता डब्ब्यात आम्ही धानाचे पोते ठेवतो. पोरगी फोन करते, मायशी बोलते, मले म्हणते, "तब्येत बरी आहे ना बाबा?" एवढंच. कमला तं मी घरच्या संडासातून निघालो रे निघालो, की विचारते, "वॉल लावला का जी?" शेजाऱ्याईसमोर विचारते, पाहुण्याईसमोर विचारते. गेल्या मंडईत दंडारीतल्या सोंगाड्यानंही तोच प्रश्न विचारला, अन् अख्खं गाव माझ्याकडे तोंड करून हसलं. हसा, फुकटचं आहे!

परवा गोंदियाहून काळीपिवळीनं येऊन राहिलो होतो. ड्रायव्हर नवा पोट्टा. म्हटलं, "बाबू, नागझिऱ्याच्या रस्त्यावर आवळ्याचं झाड आहे, तिथं उतरव."

"कौन सा आवले का झाड, काका?"

"अरे, वळणावर बांधी आहे, पाणी साचून राहते—"

"अच्छा! आत्माराम की बोडी! ऐसा बोलो ना!"

गाडीतले सारे म्हणाले, हो हो, आत्मारामची बोडी. एक जणानं आधीच नाकाले रुमाल लावला. सवयीनं.

मी उतरलो. पैसे देल्ले. पोट्ट्यानं खिडकीतून मुंडी काढली. "काका, ये आत्माराम था कौन?"

मी म्हटलं, "होता एक. पाण्याचं लय कळत होतं म्हणे त्याले."