साहेब पडले त्याची बातमी

सीवूड्सच्या आमच्या सोसायटीत ज्येष्ठ नागरिक संघाचा एक फलक आहे. तळमजल्यावर, लिफ्टशेजारी, काचेच्या आत. सभासदांनी आयुष्यभराचं शहाणपण लिहून तिथे लावावं आणि लिफ्टची वाट पाहताना इतरांनी त्याचा लाभ घ्यावा, अशी योजना होती. मी वर्तमानपत्रात उपसंपादक होतो, म्हणून संपादन माझ्याकडे आलं. लेख लांब असत आणि लिफ्ट लवकर येई. बहुतेकांनी संयम या विषयावर लिहिलं आणि आपला लेख आधी का लागला नाही म्हणून भांडणं केली.

बेलापूरच्या एका सरकारी कार्यालयातून मोठ्या पदावरून निवृत्त झालेले एक सभासद आहेत. त्यांना सगळे साहेब म्हणतात. त्यांनी आपल्या कारकिर्दीवरचा लेख बैठकीत वाचून दाखवला. त्यात दोन मंत्री होते आणि एक हेलिकॉप्टर. वाचन संपल्यावर आगरी मावशी बोलल्या. हा सेक्टर त्यांच्या घरच्या भातशेतीवर उभा आहे, त्यामुळे त्यांना बैठकीत कोणी थांबवत नाही.

"साहेब, मंत्र्याचा सोडा. मोरीत पडलाव कसं तं लिवा. आमाला त्याचा उपेग हाय."

साहेब बाथरूममध्ये पडले होते, हे सगळ्या विंगला ठाऊक होतं. दाराला आतून कडी होती. वॉचमन आणि शेजाऱ्यांनी दार फोडलं, तेव्हा साहेब खुब्याचं हाड मोडून फरशीवर पडले होते आणि अंगावर काही नव्हतं. चक्कर आली होती, यापलीकडे ते कधी काही सांगत नसत.

"ते खासगी आहे," साहेब म्हणाले.

"खासगी कसलं? वॉचमननं बघितलंय," त्यांच्या बायको म्हणाल्या. "लिहा हो."

आयुष्यभर लोकांना केबिनबाहेर बसवून ठेवलेल्या माणसाची हकिगत आता दूधवाला उभ्या उभ्या वाचणार होता. साहेबांना तेवढंच सलत होतं. तरी त्यांनी लिहून दिलं. "संबंधित व्यक्तीचा तोल गेला" अशी सुरुवात होती. मी "मी पडलो" असं केलं. त्यावर अर्धा तास वाद झाला. मजकूर एका पानात बसला: ओली फरशी, आतली कडी, मारलेल्या हाका कोणाला ऐकू न जाणं, फोडलेलं दार.

लेख लागल्यावर साहेब जिन्याने जाऊ लागले. खुबा दुखत असताना.

कोणी हसलं नाही, असं म्हणता येणार नाही. पण आठवडाभरात सुतार घरोघर कड्या काढत फिरू लागला. कड्या गेल्यावर आत कोणी आहे की नाही हे कळेना, म्हणून म्हातारी मंडळी अंघोळ करताना गाऊ लागली. आमच्या वरच्या मजल्यावरचे गृहस्थ फार वाईट गातात. त्यांच्या सुनेने संघाकडे तोंडी तक्रार केली.

मग एका सकाळी साहेब फलकापाशी आले. बायकोही सोबत होत्या.

"त्यात एक चूक आहे," ते मला म्हणाले. "मी हाका मारल्याच नाहीत. बराच वेळ नुसता पडून होतो."

बायको वळल्या. "मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. इतक्या जवळ."

"हाक मारली असती तर तू वॉचमनला आणलं असतंस."

"मग शेवटी कोणाला आणलं?"

साहेब काचेतला कागद वाचू लागले.

"मला वाटत होतं, मलाच ऐकू आलं नाही," बायको म्हणाल्या. "कान तपासून आले मी. आणि तुम्ही लाजत पडला होतात!"

मी दुरुस्ती टिपून घेतली. या वेळी साहेबांचा मजकूर जसाच्या तसा लावला: "पडलेल्या व्यक्तीने कपड्यांची वाट न पाहता तत्काळ हाक मारावी." बायकोने माझ्याकडून पेन घेतलं आणि "तत्काळ"खाली दोन रेघा ओढल्या. लिफ्ट आली होती. दोघं तिच्यातून वर गेली.